मेणाचा थेंब आणि मुखवट्याआडचा राजा : ‘किंगडम ऑफ हेवन’ची लांब आवृत्ती

चित्रपटाबद्दल लिहायची ही माझी पहिलीच वेळ. माझी तेहतीस वर्षं कुष्ठरोगाच्या कामात गेली. नोकरीला लागलो तेव्हा पदाचं नाव अवैद्यकीय सहायक होतं, पुढे ते कुष्ठरोग तंत्रज्ञ झालं, काम तेच राहिलं. वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघरी आणि शाळाशाळांत जायचं, अंगावरचा फिकट चट्टा शोधायचा, तिथे स्पर्श कळतो का ते बघायचं, नसा चाचपायच्या, गोळ्यांचं पाकीट द्यायचं आणि माणूस ते पुरं करतो की नाही यावर महिनोन्‌महिने लक्ष ठेवायचं. २०२१ मध्ये निवृत्त झालो. हे आधीच सांगतो, कारण बाराव्या शतकातल्या धर्मयुद्धांवरचा हा चित्रपट मी त्याच नजरेने पाहिला. दुसऱ्या नजरेने तो मला पाहता येणारही नाही.

रिडली स्कॉटचा ‘किंगडम ऑफ हेवन’ मे २००५ मध्ये आला. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या देशाने दर दहा हजार लोकांमागे कुष्ठरोगाचा एकाहून कमी रुग्ण हा टप्पा गाठला. आम्ही ते वर्ष गावं पालथी घालण्यात काढलं. कुष्ठरोगी राजा असलेला कुठला इंग्रजी चित्रपट आलाय, हे कळायला आमच्यापैकी कुणाला सवड नव्हती. मी तो पहिल्यांदा पाहिला बऱ्याच वर्षांनी, टीव्हीवर, जाहिरातींसकट. राजा तेवढा लक्षात राहिला, बाकी नुसता धुरळा आणि तलवारी. राजाची बहीण सिबिला तर मला कळलीच नाही. दागदागिने घालून तोऱ्यात वावरणारी बाई एकदम केस कापून गप्प बसते, भिंतीकडे बघत राहते. का, ते समजायला काही मार्गच नव्हता.

मागच्या दिवाळीत पुतण्या आला होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, “काका, तुम्ही पाहिला तो अर्धाच होता.” खरंच तसं निघालं. चित्रपटगृहांसाठी कापून काढलेली आवृत्ती १४४ मिनिटांची, आणि दिग्दर्शकाने नंतर स्वतः आणलेली १९४ मिनिटांची. त्या मधल्या पन्नास मिनिटांत एक अख्खं मूल होतं. सिबिलाचा मुलगा. छोट्या आवृत्तीतून त्याला मुळासकट उपटून टाकलं होतं, आणि आईचं दुःख मात्र तसंच शिल्लक ठेवलं होतं. मग ते कुणाला कसं कळावं?

तेव्हा मी जे काही लिहितोय ते १९४ मिनिटांच्या आवृत्तीबद्दल. दुसरी पाहू नका.

गोष्ट थोडक्यात अशी. ११८४ साली फ्रान्समधल्या एका गावात बेलियन नावाचा लोहार आहे. मूल गेल्याच्या दुःखात त्याच्या बायकोने जीव दिलाय. गॉडफ्री नावाचा सरदार येतो, मी तुझा बाप म्हणून सांगतो, आणि बेलियन जेरुसलेमच्या वाटेला लागतो. तिथे ख्रिस्ती राजा बाल्डविन चौथा राज्य करतोय, जेमतेम विशी ओलांडलेला, अंगभर कुष्ठरोग, तोंडावर चांदीचा मुखवटा. मुस्लिम सुलतान सलादिनशी झालेला तह तो कसाबसा टिकवून आहे. त्याचा मेहुणा गी आणि केराकचा किल्लेदार रेनाल्ड यांना युद्ध हवंय. राजा मरतो, तह मोडतो, हत्तीनच्या लढाईत सगळं सैन्य बुडतं, मग जेरुसलेमचा वेढा आणि शरणागती. बेलियनचं काम ऑर्लँडो ब्लूमने केलंय. दिसतो छान, पण चेहऱ्यावर फारसं काही उमटत नाही, आणि तीन तास त्याच्याच खांद्यावरून बघायचं म्हणजे कुठे कुठे कंटाळा येतो. चित्रपट तोलून धरलाय तो राजाने आणि त्या मुलाने.

राजाच्या आजाराचा शोध कसा लागला, ते तो स्वतः बेलियनला सांगतो. लहानपणी सवंगड्यांबरोबर खेळताना हाताला जखम झाली आणि ती दुखत नाही हे त्याच्या शिक्षकाच्या लक्षात आलं. चित्रपटात तो शिक्षक म्हणजे बेलियनचा बाप गॉडफ्री. हा बदल पटकथेने केलाय. प्रत्यक्षात तो शिक्षक होता विल्यम ऑफ टायर, पुढे टायर शहराचा मुख्य धर्मगुरू झालेला, आणि त्याने स्वतः हे लिहून ठेवलंय. मुलं खेळता खेळता एकमेकांच्या दंडाला, हाताला नखांनी चिमटे काढत होती. बाकीची ओरडत, बाल्डविन मात्र गप्प. विल्यमला आधी वाटलं, पोरगा सोशिक आहे. असं पुन्हा पुन्हा झालं तेव्हा त्याने विचारपूस केली आणि कळलं, की उजव्या हाताला आणि दंडाला बऱ्याच भागात काही जाणवतच नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून दोन चकरा मारल्या. साडेआठशे वर्षांपूर्वी एका मास्तराने जे हेरलं, तेच आम्हाला प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवलं होतं. माणसाचे डोळे मिटवायचे. बॉलपेनचं टोक अंगावर हलकेच टेकवायचं. “टोचतंय का” असं कधी विचारायचं नाही, कारण लाजेपोटी लोक हो म्हणतात. सांगायचं, “मी जिथे टेकवीन तिथे बोट ठेवा.” चांगल्या कातडीवर बोट बरोबर पडतं. चट्ट्यावर टेकवलं की माणूस वाट बघत बसतो. डोळे मिटलेले, बोट हवेत, आणि पेन केव्हाचं टेकलेलं असतं. ती शांतता आमच्या कामात ज्यांनी पाहिली त्यांना विसरता येत नाही.

एडवर्ड नॉर्टनने हा राजा केलाय आणि पूर्ण चित्रपटभर त्याचा चेहरा दिसत नाही. मरणानंतर सिबिला मुखवटा उचलते तेव्हा खालचं दिसतं, पण तो रंगवलेला आजार आहे, नॉर्टन तिथेही ओळखू येत नाही. म्हणजे नटाकडे उरले फक्त डोळे, मानेची हालचाल आणि आवाज. आवाज त्याने काय लावलाय! हळू, श्वास मिसळलेला, जरासा घोगरा. हा आजार वाढू दिला तर घशापर्यंत जातो, आवाज बसतो. आमच्याकडे जुने, औषधं यायच्या आधीचे रुग्ण असेच बोलायचे. नॉर्टनने हे कुठून उचललं असेल ते असो, पण डोळे मिटून ऐकलं तरी मला तो खरा वाटला. हातही सांभाळलेत. वस्तू उचलायची तर आधी तिच्याकडे नीट बघायचं आणि मग हात न्यायचा, कारण बोटांना काही कळत नाही, डोळ्यांनीच धरायचं असतं. ही सावकाशी नाटकी वाटण्यासारखी आहे, नाटकी नाही.

मुखवटा मात्र कल्पनेतला. त्या काळच्या लिखाणात त्याचा उल्लेख नाही. खरा बाल्डविन शेवटच्या वर्षांत चालू शकत नव्हता, दृष्टी गेली होती, आणि ११८३ साली सलादिनने केराकला वेढा घातला तेव्हा पालखीसारख्या डोलीतून तो सैन्याबरोबर गेला होता. चित्रपटात तो घोड्यावर बसून जातो. याची मी तक्रार करणार नाही, कारण लहान वयात त्याला लगाम न धरता, पायांच्या दाबावर घोडा आवरायला शिकवलं होतं आणि तो उत्तम स्वार होता. १६ वर्षांचा असताना, नोव्हेंबर ११७७ मध्ये, मोंगिझारला त्याने सलादिनला हरवलं. एक हात निकामी असलेला मुलगा घोड्यावरून आघाडीला. चित्रपटात त्या विजयाची आठवण तो दोन वाक्यांत काढतो आणि विषय सोडून देतो. तो ११८५ मध्ये गेला, चोविशीच्या आत.

केराकला जाऊन तो रेनाल्डला समोर बोलावतो. हातमोजा काढतो. आतला हात आपल्याला दाखवतात, आणि रेनाल्डला त्या हाताचं चुंबन घ्यायला लावतात. रेनाल्ड किळस दाबून, उलट जास्तच अधाशीपणे ओठ लावतो, जणू मी भीत नाही असं बजावतोय. मग राजा त्याला छडीने मारतो आणि मारता मारता स्वतःच कोसळतो. रंगभूषा करणाऱ्यांनी तिथे थोडी घाई केलीय असं मला वाटलं. नुसत्या चिघळलेल्या जखमा दाखवल्यात. इतक्या वर्षांच्या आजारात बोटं आत वळतात, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधी, तळहातावरचं मांस झडून खळगा पडतो, पंजा दिसायला लागतो. तो वळलेला हात दाखवला असता तर जखमांची गरज पडली नसती. पण दृश्याचा जोर स्पर्शात आहे आणि तो पोचतो. मी वर्ध्याचा माणूस. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्रींना महारोग होता म्हणून लोक लांब उभे राहत आणि गांधीजी रोज त्यांच्या अंगाला स्वतः मालिश करत, हे आम्ही शाळेपासून ऐकलेलं. हात लावणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते मला वेगळं सांगावं लागत नाही. इथे राजा तोच स्पर्श शिक्षा म्हणून वापरतो. ते बघताना मला राजाचीच कीव आली. आपल्या हाताचा एवढाच उपयोग उरलाय हे त्याला ठाऊक आहे.

आता तो मुलगा.

बाल्डविन गेल्यावर सिबिलाचा लहानगा गादीवर बसतो, बाल्डविन पाचवा. राजाच्या कागदांवर मोहोर उमटवायची म्हणून मेण वितळवलेलं असतं. गरम मेण त्याच्या हातावर पडतं. मुलगा हात मागे घेत नाही. त्याच्या तोंडावर काहीच नाही. आणि कॅमेरा आईकडे जातो.

बस्स, इतकंच. एव्हा ग्रीनने त्या क्षणाला काही केलेलं नाही, ओरडली नाही, धावली नाही. नुसती बघते. तिने भावाला कणाकणाने संपताना पाहिलंय, तिला सांगायला वैद्य लागत नाही. मी रिमोट दाबून चित्र थांबवलं. बायको म्हणाली, “अहो, काय झालं?” मला लगेच बोलता येईना.

२००१ ची गोष्ट. आर्वी तालुक्यातल्या एका गावात शाळा तपासणी होती. सातवीतला मुलगा, बारा वर्षांचा. उजव्या कोपराच्या खाली रुपयाएवढा फिकट चट्टा, कोपरामागची नस दोरीसारखी जाड, करंगळीला स्पर्श नाही आणि तिच्यावर भाजल्याचा जुना डाग. घरी गेलो. डागाचं विचारलं तर आई कौतुकाने सांगायला लागली, की माझं पोरगं चुलीवरचा गंज (पातेलं) फडकं न घेता नुसत्या हाताने उतरवते, लई कडक हात आहे त्याचा. टायरच्या विल्यमचं मला तेव्हा काही माहीत नव्हतं. पण बघा, त्यालाही आधी कौतुकच वाटलं होतं.

मी आजाराचं नाव सांगितलं. पुढच्या खेपेला गेलो तर पोरगा शाळेत नाही, घरातही नाही. गावापासून लांब शेतातल्या खोपडीत ठेवलेला, ताटवाटी वेगळी. घराण्यात कुणा काकाला रगतपिती, म्हणजे हाच आजार, झाला होता, त्याचे हाल आईने पाहिले होते. बाई माझ्यासमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “साहेब, तसं जगण्यापरीस याले एखादी सुई देऊन मोकळं करून टाका.” ती दुष्ट नव्हती. त्या पोराशिवाय तिला जगात दुसरं कुणी नव्हतं. मला काय बोलावं सुचेना. खोपडीत जाऊन बसलो, त्या पोराच्या तांब्यातलं पाणी प्यायलो, त्याचा हात हातात घेऊन कोपराची नस परत चाचपली आणि पहिल्या महिन्याचा डोस तिच्या देखत गिळायला लावला. लघवी लाल होईल, अंग काळवंडेल, घाबरायचं नाही, औषधाचा रंग आहे तो, हे तीनतीनदा सांगितलं. बारा महिन्यांत बारा पाकिटं. नसेची सूज उतरायला वेगळ्या गोळ्या लागल्या. करंगळी किंचित वाकडी राहिली ती राहिलीच. आज तो ट्रॅक्टर चालवतो, दोन लेकरं आहेत.

चित्रपटातली आई मुलाला मांडीवर घेते आणि त्याच्या कानात विष ओतते. मी उठून ओसरीवर जाऊन उभा राहिलो. लांबून सगळं ऐकू येत होतं.

इतिहासात असं काही झाल्याची नोंद नाही. बाल्डविन पाचवा ११८६ मध्ये वारला, वय आठ-नऊ, त्याला कुष्ठरोग असल्याचं कुणी लिहिलेलं नाही. हा सगळा धागा पटकथाकार विल्यम मोनाहन यांचा. मला त्यात एक गोष्ट बोचली आणि ती सांगायलाच हवी. मामाला आजार, म्हणून भाच्याला आजार, असं पाहून लोकांना वाटेल की हा रक्तातून उतरतो. तो आनुवंशिक नाही. जंतूंनी होतो, नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ मध्येच ते जंतू शोधले. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात तो लागू शकतो, आणि तरीही बहुतेकांना लागत नाही, कारण शरीरातच त्याला अटकाव असतो. आता तर रुग्णाच्या घरच्यांना आजार लागू नये म्हणून रिफाम्पिसिन या औषधाचा एक डोस देतात. बाराव्या शतकातल्या सिबिलाला हे ठाऊक नसणार, ते बरोबरच आहे. पण एकविसाव्या शतकातल्या प्रेक्षकाला ते कुठेतरी कळावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून इथे लिहितोय. एवढं सोडलं, तर भीती आईकडून काय करवून घेते हे इतक्या खरेपणाने दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. छोट्या आवृत्तीत कापलेल्या केसांची ती वेडी बाई मला आता कळली.

आणखी एक राहून गेलेलं. जेरुसलेमच्या तटाबाहेर सेंट लाझारस या ख्रिस्ती पंथाचं रुग्णालय होतं आणि कुष्ठरोग झालेले सरदार त्या पंथात जाऊन राहत. म्हणजे राजा एकटा नव्हता. त्याच्यासारखीच माणसं त्याला हाकेच्या अंतरावर होती. चित्रपटात ती मला कुठेच जाणवली नाहीत. एक दृश्य तरी द्यायला हवं होतं.

बाकीच्या इतिहासाचं म्हणाल तर बेलियन लोहार नव्हता. तो तिथलाच मातब्बर सरदार, वयाने मोठा, आणि सिबिलाच्या सावत्र आईचा, म्हणजे आधीच्या राजाच्या विधवेचा, नवरा. तेव्हा सिबिलाशी त्याचं प्रेमप्रकरण ही निव्वळ चित्रपटाची सोय. खरी सिबिला यापेक्षा खमकी होती. मुलगा गेल्यावर सरदारांनी तिला अट घातली, गीला सोडचिठ्ठी देशील तर तुला राणी करू. तिने मागून घेतलं की पुढचा नवरा मी माझ्या मर्जीने निवडेन, मुकुट डोक्यावर चढल्याबरोबर गीलाच पुन्हा निवडलं आणि त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. ही बाई पडद्यावर यायला हवी होती! ११९० मध्ये आक्र शहराच्या वेढ्यात साथीने ती गेली, तिच्या दोन मुलीही.

गी आणि रेनाल्ड यांना अगदीच खलनायक करून टाकलंय. ब्रेंडन ग्लीसन रेनाल्ड करताना मजेत दिसतो, पण माणूस दिसत नाही. पाद्री तर बहुतेक सगळे भित्रे नाहीतर लोभी. एका बाजूचे धर्मवेडे इतके ठळक रंगवले की तहाच्या बाजूची माणसं आपोआप शहाणी ठरतात आणि काही ठिकाणी बाराव्या शतकातले लोक आजची भाषणं करतात. जेरेमी आयर्न्स आणि लियम नीसन आपापला भाग चोख करतात. डेव्हिड थ्युलिसचा हॉस्पिटलर, म्हणजे रुग्णसेवा करणाऱ्या लढाऊ ख्रिस्ती पंथातला, सरदार मला सगळ्यांत आवडला. थोडकं बोलतो, आणि मरणाकडे चाललोय हे ठाऊक असूनही घोड्याला टाच मारतो.

हत्तीनची लढाई दाखवलेलीच नाही. सैन्य वाळवंटात चालत जातं आणि मग थेट गिधाडं. चित्रीकरण मोरोक्कोत झालंय, त्यामुळे सगळीकडे वाळू. खरं हत्तीन हिरव्या-पिवळ्या टेकड्यांचा मुलूख आहे आणि तिबेरियासचं गोडं तळं तिथून डोळ्यांना दिसतं. ३ जुलै ११८७ ला ख्रिस्ती सैन्य झऱ्यांचं ठाणं सोडून भर उन्हात निघालं, दुसऱ्या दिवशी समोर पाणी दिसत असताना तहानेने कोसळलं, सलादिनच्या माणसांनी वाळलेलं गवत पेटवून धूर केला. पाणी दिसतंय आणि मिळत नाही, हे वाळवंटातल्या तहानेहून किती भयंकर आहे! ते हातचं घालवलं.

त्याची भरपाई पुढच्या दृश्यात होते. सलादिनच्या तंबूत कैद केलेला गी आणि रेनाल्ड. सलादिन बर्फाचा पेला गीला देतो. गी तो रेनाल्डकडे सरकवतो. रेनाल्ड पितो. सलादिन म्हणतो, तुला मी दिला नव्हता. त्या समाजात रीत अशी, की ज्याला तुम्ही स्वतःच्या हाताने पाणी पाजलं त्याला अभय दिलं. म्हणून हे सांगणं. आणि तिथेच त्याला मारतो. हे घडलेलं आहे, त्या काळच्या लेखकांनी लिहिलंय. सीरियाचा नट घसान मसूद सलादिन झालाय. चेहरा दमलेला, आवाज चढत नाही, आणि माणूस कधी लहान वाटत नाही. कुष्ठरोगी राजाला तो माझे वैद्य पाठवतो म्हणतो तेव्हा त्यात उपकार नसतो. शेवटी जिंकलेल्या शहरातल्या एका दालनात खाली पडलेला क्रूस उचलून तो मेजावर नीट उभा ठेवतो आणि पुढे जातो. संवाद नाही. मी ते दृश्य दोनदा मागे नेऊन पाहिलं.

वेढ्याचा भाग दांडगा आहे. बुरूज, दगडफेकी यंत्रं, रात्रीचे आगीचे गोळे, आडवे कोसळणारे लाकडी मनोरे. ज्यांना युद्धपट आवडतात त्यांचे पैसे इथे वसूल. मला तो जरा लांबला असं वाटलं. शरणागतीच्या अटींत मात्र चित्रपटाने सरळ गोडवा घातलाय. पडद्यावर सलादिन सगळ्यांनाच सुखरूप जाऊ देतो. २ ऑक्टोबर ११८७ ला झालं ते असं: सुटकेसाठी पुरुषाला १० दिनार, बाईला ५, मुलाला १, चाळीस दिवसांची मुदत. गरिबांसाठी ठोक रक्कम भरून सात हजारांना सोडवलं. सलादिनच्या भावाने हजार जण मागून घेतले आणि मुक्त केले, आणखीही बरेच सुटले. तरी हजारो गरीब गुलामगिरीत गेले, आणि त्याच वेळी शहराचा मुख्य धर्मगुरू आपले दहा दिनार भरून खजिन्याच्या गाड्या घेऊन बाहेर पडला. १०९९ मध्ये ख्रिस्ती सैन्याने हेच शहर घेताना केलेली कत्तल आठवली तर सलादिन फार मोठ्या मनाचा ठरतोच. त्यासाठी त्या गुलामांना पुसून टाकायची गरज नव्हती.

पाहणार असाल तर दोन गोष्टी. लहान मुलांना घेऊन बसू नका, रक्त बरंच आहे आणि मुलाचं मरण त्याहून जड. आणि एका बैठकीत उरकायचा हट्ट नको. लांब आवृत्तीत मध्यंतर दिलेलं आहे, तिथे उठा, चहा करा.

३० जानेवारीला कुष्ठरोग पंधरवडा सुरू होतो. आमच्या जुन्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंसमोर बोलायला मला बोलावलंय. नव्या मुली आहेत, त्यातल्या अनेकींनी बधिर चट्टा अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही. भाषण देणार नाही. पुतण्याचा लॅपटॉप नेणार आहे, मेण पडतं तेवढंच दृश्य लावणार, मुलाचा हात दिसतो तिथे थांबवणार, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक बॉलपेन देऊन विचारणार, “आता पहिल्यांदा कुठे टेकवाल?”